केळीच्या बागायतदाराला केळी खायला सांगितली

हरीभाऊ रिक्षातून उतरले नाहीत, त्यांना उतरवावं लागलं. एका बाजूने त्यांची बायको सुमनताई, दुसऱ्या बाजूने रिक्षावाला. सांडोर गावचा हा केळीचा बागायतदार, वय जेमतेम बेचाळीस. महिन्यापूर्वी बीपी वाढलं म्हणून पापडी गावातल्या माझ्या दवाखान्यात आला, तेव्हा ताडताड चालत आला होता. मी गोळ्या दिल्या होत्या.

"बाई, पायांत जीवच नाही," हरीभाऊ म्हणाले. "बागेत परत उभा राहीन ना?"

रक्त तपासलं. पोटॅशियम फार कमी. हा रक्तातला एक क्षार. तो घटला की स्नायू लुळे पडतात. फारच घटला तर हृदयही थांबू शकतं. माझ्या गोळ्यांत एक लघवी वाढवणारी होती, तिच्यामुळेही तो घटतो. चोर सापडला म्हणून मी खूश. गोळी बंद केली, पोटॅशियमचं औषध लिहिलं आणि केळ्यांत ते भरपूर असतं म्हणून वर सल्ला दिला, "रोज दोन केळी खा."

"पण बाई, हे तर..." सुमनताई बोलायला लागल्या.

"दोन म्हणजे दोन!" मी म्हटलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट जवळजवळ तसाच. मी वैतागले. "केळी खाल्ली नाहीत ना?"

आता मात्र सुमनताईंनी मला सोडलं नाही. "अहो बाई, सकाळी चहाबरोबर उन्हात वाळवलेली सुकेळी, दुपारी शिकरण, बागेत येताजाता केळी. डझनाला कमी नाही. दोनांवर ठेवलं असतं तर उपाशी मेले असते!"

मी पेन खाली ठेवलं. एवढं पोटॅशियम पोटात जातंय, मग जातं कुठे?

दिवसभराची लघवी कॅनमध्ये जमा करून तपासली. सगळं तिथे सापडलं. मूत्रपिंडं ते बाहेर फेकत होती. पण त्यांना तसं सांगतंय कोण? कॉलेजात वाचलेलं एक पान आठवलं आणि मी त्यांना मुंबईला पाठवलं.

सीटी स्कॅनमध्ये उत्तर मिळालं. मूत्रपिंडावर टोपीसारखी ॲड्रिनल ग्रंथी बसलेली असते. तिच्या बाहेरच्या थराला कॉर्टेक्स म्हणतात. हरीभाऊंच्या डाव्या ग्रंथीच्या या थरात करवंदाएवढी गाठ होती. ती अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन वारेमाप बनवत होती. मूत्रपिंडाला त्याचा हुकूम असा, की मीठ राखा, पोटॅशियम सोडा. मीठ साचून बीपी चढलं आणि पोटॅशियम जाऊन पाय गेले.

ऑपरेशन बघायला मी मुद्दाम गेले. गाठ कॅन्सरची नव्हती. सर्जननी ती कापून दाखवली. आत पिवळीधमक, पिकल्या केळ्यासारखी. एवढीशी ती, पण अख्खी बाग खाऊन वर तिने धडधाकट माणूस आडवा केला होता. इतकी वर्षं डॉक्टरकी करून मी तोंडात बोट घालून बघत राहिले.

दोन महिन्यांनी हरीभाऊ स्वतःच्या पायांनी आले. पोटॅशियम नॉर्मल, बीपीची एकच बारीक गोळी उरलेली. खांद्यावरचं केळ्यांचं लोंगर त्यांनी माझ्या टेबलाशी टेकवलं.

"बाई," ते म्हणाले, "रोज दोन खा."

मी निमूट खाल्ली. तेव्हापासून पेशंटच्या बायकोचं वाक्य पुरं झाल्याशिवाय मी पुढच्याला हाक मारत नाही.