बोटभर ओंडके

हे मी आजवर कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. लपवण्यात फार तरबेज होतो असं नाही — विचारणारंच कुणी नव्हतं. मुलुंडच्या चाळीत एक खोली, भांडुपच्या कारखान्यात ड्राफ्ट्समनची नोकरी, आणि एक छंद, तोही हसण्यासारखा. पस्तिशीचा बाप्या माणूस घरी येऊन आगगाडी खेळतो, हे चारचौघांत कसं सांगायचं?

गाडी मामेभावाने आणून दिलेली. तो जहाजावर होता. विजेवर चालणारी, रुळांसकट. पण नुसतं गोल गोल फिरून ती बिचारी काय करणार? तिला काही काम हवं ना! म्हणून मी फळीवर जंगलतोड उभारायला घेतली — उघडे बुंधे, ओंडके वाहणारे डबे, आणि शेवटी सॉ मिल. ऐंशीच्या दशकातले दिवस. संध्याकाळी अख्खी चाळ एका खोलीतल्या रंगीत टीव्हीसमोर गोळा व्हायची, तेव्हा मी पत्र्यातून करवतीचं पातं कापत बसलेला असायचो. आग्रा रोडवरच्या वखारीतून भुसा आणला, चाळून पसरला. सगळं झकास जमलं. ओंडके तेवढे जमेनात. खराट्याचे हीर लावून पाहिले, पेन्सिली कापून पाहिल्या. काडी ती काडीच दिसायची. साल कुठून आणू?

आता सांगूनच टाकावं — पण नाही, आधी सुनंदावहिनी.

शेजारच्या काकूंची सून. मालवणकडची, लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नव्हतं. माझ्या आगगाडीला न हसणारी चाळीतली एकटीच. गॅलरीत आमच्या दोन दारांच्या मधे त्यांची तुळस होती — डालड्याच्या मोठ्या डब्यात, चांगली कमरेएवढी वाढलेली. मे महिन्यात त्यांच्या घरचे सगळे गावी निघाले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुळशीला तेवढं पाणी घालाल ना?"

घातलं. रोज घातलं. आणि रोज बघत राहिलो. जुन्या तुळशीचं खोड तुम्ही कधी जवळून पाहिलंय? तपकिरी, भेगाळलेली साल, मधेच एखादी गाठ. बोटभर तुकडा केला की हुबेहूब सागाचा ओंडका.

ते परतायच्या आदल्या दिवशी मी आतल्या बाजूच्या जाड फांद्या कापल्या. तेवढ्यावर थांबलो असतो तर ती पुन्हा फुटलीही असती. पण मला उपटलेल्या बुंध्यांसाठी मुळ्या हव्या होत्या. एका बाजूची माती उकरून अर्ध्याअधिक मुळ्या काढून घेतल्या, माती परत दाबून बसवली, कापलेल्या जागी चिखल फासला. वरून बघाल तर हिरवीगार.

आठ दिवसांत वाळली. काकूंनी मला विचारलं, पाणी घालत होतात ना? मी म्हणालो, "रोज. तुम्ही आलात तेव्हा टवटवीत होती की!" यात एकही शब्द खोटा नव्हता. आणि हे आता कुणावर शेकणार, ते बोलतानाच मला कळत होतं.

त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला — "बाहेरची असताना हात लावलास ना गं तुळशीला? खरं सांग!"

"नाही हो आई. शप्पथ नाही."

मी भिंतीच्या अलीकडे बसून ओंडके डब्यांत रचत राहिलो.

तोवर त्या घरात विटाळ पाळत नव्हते. एका खोलीत पाळणार कसा? त्या महिन्यापासून पाळू लागले. चार दिवस वहिनी गॅलरीत, गोणपाटावर, वेगळं ताट घेऊन — माझ्या खिडकीखाली. मूल होत नाही त्याचं कारणही काकूंना आता सापडलं होतं.

त्यांचं दार माझ्यापासून दोन पावलांवर. का गेलो नाही? भ्यायलो. खेळण्यापायी तुळस तोडणारा म्हणून चाळ थुंकेल, याला भ्यायलो. आणि दुसरं — हे लिहितानाही लाज वाटते — ते चार दिवस मला सोबत वाटायची. खिडकीबाहेर कुणीतरी आहे, मधूनच विचारतंय, "आज काय बनवलंत भावजी?" मी त्या दिवसांची वाट बघायला लागलो होतो.

असंच एकदा वहिनी उठून खिडकीशी आल्या. "लाकडं अगदी खरी वाटतात हो. हातात घेऊन बघू?"

मी एक ओंडका गजांपाशी नेला. त्यांनी हात पुढे केला, आणि मग स्वतःच मागे घेतला.

"नको, राहू दे. माझ्या हाताने तुमचंही काही वाळायचं."

त्यांना ते पटलं होतं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी ओंडका डब्यात ठेवला आणि गाडी सुरू केली.