खाडी उजव्या हाताला

खांदा कॉलनीत मी कापडावरचं ठसेकाम शिकवते, तिथे एक मावशी येत. लाकूड कोरताना वाट सांगितल्यासारखं पुटपुटत, "चिंचेपासून वलायचं, मंग आमचं दार." त्यांचं गाव आता विमानतळाखाली गेलंय.

ठसा उलटा उमटतो, म्हणून लाकडावर चित्र उलटं कोरा, असं मी त्यांना कितीदा सांगितलं. त्या ऐकतील तर ना!

"आमची खाडी उजव्या हाताला हाय. उलटी कशी काढू?"

शेवटी कापडावर खाडी डावीकडे उमटली. मी वैतागले. मावशी नुसत्या हसल्या.

प्रदर्शनाला सगळ्यांची झिरझिरीत कापडं मैदानात टांगली होती. लोक समोरून बघत होते आणि मावशींचा पत्ता नव्हता. मग त्यांच्या चपला दिसल्या, त्यांच्याच कापडावरच्या दाराखाली नीट काढून ठेवलेल्या.

"बाय, हिकडून बग," पलीकडून आवाज आला.

मी कापडाच्या कडेवरून मागे डोकावले. उन्हात शाई आरपार दिसत होती. मागून पाहिलं तर चिंच, दार, सगळं जागच्या जागी होतं आणि खाडी उजव्या हाताला.

"भायेर काय उबी? आत ये."

मी चपला काढल्या.