नातीऐवजी मांदेली

सांगूनच टाकते. एका बुधवारी भरदुपारी मी शाळेच्या बसमधून नातीला उतरवून घ्यायला खाली गेले आणि नातीऐवजी मांदेली घेऊन घरी आले.

बस पावणेएकला येते. मी साडेबारालाच निघाले होते, एवढं एकच पुण्य माझ्या पदरी आहे. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक कोळीण बसते. तिच्या पाटीत मांदेली होती, सोनेरी, डोळे लकलकणारी. ‘दहा मिनिटं आहेत की!’ मी मनात म्हटलं. या एका वाक्यानं माझ्या आयुष्याचं जेवढं वाटोळं केलं तेवढं कुणा वैऱ्यानं केलं नसेल. ती मांदेली साफ करायला लागली, मी समोर उकिडवी बसले, तिच्या सुनेचं अख्खं बाळंतपण ऐकलं. पाठीमागे बस आली, थांबली, हॉर्न वाजला म्हणे. कार्ड दाखवणारं मोठं माणूस पुढे आल्याशिवाय पोराला उतरवायचं नाही, असा बसमधल्या ताईंना नियम आहे. नात खिडकीतून “आजी, आजी” ओरडत होती म्हणे. बस गेली. मी पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरले.

घरी येऊन मांदेलीला हळद, मीठ, तिखट, कोकमाचं आगळ लावलं. हात धुतले. टेबलावर नातीचं छोटं ताट मांडलेलं होतं, वरणभातावर झाकण. ते बघून मला वाटलं, अगंबाई, ही अजून जेवली कशी नाही?

आणि मग मी तशीच खाली धावले.

बस भांडुपपर्यंतची पोरं सोडून परत आमच्या फाटकाशी आली, तोवर मी त्या रस्त्यावर किती येरझाऱ्या घातल्या ते विचारू नका. घाटकोपरच्या ऑफिसातून माझी मुलगी रिक्षानं धावत आली. ताईंनी मला फोन केला होता, तो वर ओट्यावर मांदेलीशेजारी वाजत होता, म्हणून मग तिला केला. नात उतरली ती ताईंनी दिलेली चकली खात. “आजी, मी भांडुप बघून आले,” ती खुशीत म्हणाली. मुलीनं तिचं दप्तर माझ्या हातात न देता स्वतःच्या खांद्याला लावलं. माझी मुलगी अशी शांतपणे वागते तेव्हा घाबरायचं असतं.

संध्याकाळी तिनं एक कागद आणून फ्रिजवर चुंबकाखाली लावला. पाळणाघराचा फॉर्म.

“आई, मी चिडलेले नाही,” ती म्हणाली. “पण असं परत झालं तर?”

“नाही होणार गं.”

“हे तू मला लहानपणापासून सांगतेयस.”

हे खरं होतं. पण माझ्या दुपारी म्हणजे ती पोर. वरणभात, मग एक गोष्ट, मग दोघींनी पंख्याखाली लादीवर आडवं होऊन छताला पाय दाखवायचे. ते गेलं तर माझ्या दिवसात उरतं काय? सकाळची गोळी आणि संध्याकाळची गोळी. मी महिनाभराची मुदत मागितली. महिन्यात एकदाही बस चुकली तर फॉर्म भरायचा. तिनं मान डोलावली.

आता थोडं मागे जाते. (तुम्ही म्हणाल, ही बाई एका जागी टिकत नाही. बरोबर. तोच तर विषय आहे.)

वर्षभरापूर्वी मुलीला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की तिला एडीएचडी आहे. मला वाटलं हे चळवळ्या पोरांना असतं. मोठ्या बायकांना कसलं? पण तिच्या लहानपणाची माहिती हवी म्हणून तिनं मला समोर बसवून प्रश्न वाचले. काम अर्धवट सोडून दुसरं धरते का? वस्तू हरवते का? समोरचा बोलत असताना मन भलतीकडे जातं का? वाट बघणं असह्य होतं का?

मी म्हटलं, “यात काय आजार आहे? हे सगळ्यांना असतं.”

मुलीनं प्रश्नांचा कागद खाली ठेवला. “आई, सगळ्यांना नसतं. तुला आहे.”

मग डॉक्टरीणबाईंनी मलाही तपासलं आणि अडुसष्टाव्या वर्षी मला कळलं की मी आळशी नाही, बेपर्वा नाही, माझ्या लक्षाची गाडीच वेगळी आहे. रडू यायला हवं होतं म्हणतात. मला हसू आलं, कारण डोळ्यांसमोर ती तरणीताठी मी उभी राहिली: नवी कोरी साडी, गजरा, आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या हळदीकुंकवाला एक दिवस उशिरा पोचलेली. त्या घरच्या बिचारीनं लाजेकाजेस्तव मला कुंकू लावलं, चहा दिला, आदल्या दिवशीचा उरलेला तिळगूळ दिला. आणि मी शहाणी तिला काय म्हणते? “यंदा बायका कमीच आल्या हो!”

सासूबाई मालवणकडच्या. दूध उतू गेलं की त्यांचा एकच प्रश्न, “तुझा चित खंय आसता गो?” लक्ष कुठे असतं हे मला ठाऊक असतं तर मीच जाऊन घेऊन आले नसते का? पण विक्रोळीच्या कारखान्यात मी टेलिफोन बोर्डावर होते ना, तिथे मी राणी. एकदम आठ दिवे लुकलुकले की बाकीच्या घाबरायच्या, माझी बोटं नाचायची. प्रत्येक फोन नवा, प्रत्येक आवाज नवा. त्याच बोर्डासमोर बसून रजेचा अर्ज लिहायला मला तीन आठवडे लागायचे, आणि तो लिहीपर्यंत रजा संपलेली असायची. साहेब म्हणायचे, बाई, तुम्ही हुशार आहात की नाही ते एकदा ठरवा. ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

असो. तर महिना. डॉक्टरीणबाईंनी माझं बीपी बघून गोळ्यांचं नंतर बघू म्हटलं. एक मात्र बजावलं: आठवणीवर भिस्त ठेवायची नाही, आठवण डोक्याबाहेर काढून ठेवायची, भिंतीवर, दारावर, माणसांवर.

मी लगेच उत्साहानं डायरी आणली. आयुष्यातली विसावी असेल. पहिल्या पानावर सुंदर अक्षरात ‘पावणेएक – बस’ लिहिलं आणि तिसऱ्या दिवशी डायरी हरवली. (ती परवा गव्हाच्या डब्यात सापडली. विचारू नका.) मग घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं. पण मी वस्ताद, घड्याळ बघितलं की लगेच पंधरा वजा करायची आणि वर पुन्हा ‘दहा मिनिटं आहेत की’ म्हणायची. स्वतःला फसवायला स्वतःपेक्षा हुशार माणूस लागतं.

मग आईची युक्ती आठवली. पदराला गाठ. आता पदर कुठला, मुंबईच्या आज्या गाऊनवर ओढणी घेऊन भाजीला जातात, मीही तशीच. ओढणीला गाठ मारली. दुपारपर्यंत तीन गाठी झाल्या आणि कुठली कशाची ते मला सांगता येईना. पण त्यातून एक गोष्ट सुचली. नुसत्या गाठीत निरोप राहत नाही, गाठीत वस्तूच बांधावी. मी नातीचं बसचं कार्ड ओढणीच्या टोकाला बांधलं आणि ओढणी दाराच्या कडीला अडकवली. तिला हात लावल्याशिवाय दार उघडतच नाही. चालताना कार्ड गुडघ्यावर आपटत राहतं. दिसत नाही ते माझ्यासाठी नसतं, पण आपटतं ते असतं.

अलार्म लावला होता, पण दोन दिवसांत कान निबर झाले, वाजता वाजता बंद करून मी पुन्हा कपडे वाळत घालायला जायची. म्हणून नातीकडून तिचा आवाज फोनमध्ये भरून घेतला: “आजीऽऽ, हातातलं खाली ठेव! चप्पल घाल!” दर रविवारी नवा भरायचा, कारण जुन्याची सवय होते. एका आठवड्यात तिनं वाघाचा आवाज काढला, तेव्हा मी खरोखर दचकून ओल्या हातानं पळाले.

सकाळच्या कामांसाठी बोर्डावरची जुनी मैत्रीण कामी आली. ती आता बोरिवलीला असते. साडेदहाला फोन लावायचा, स्पीकरवर ठेवायचा आणि दोघींनी आपापलं काम करायचं. बोलायचं नाही. ती तिकडे मेथी निवडते, मी इकडे. तिचा श्वास, तिच्या पंख्याची घरघर ऐकू येते आणि माझे हात एका जागी राहतात. मध्येच तिला विचारते, “काय गं, झोपलीस का?” ती म्हणते, “गप गं, निवड.” एकटीनं जी जुडी निवडायला मला दोन तास आणि चार फेऱ्या लागतात, ती अर्ध्या तासात होते. आणि जे काम सुरूच होत नाही, त्याला मी लाच देते: फक्त एक ताट घासायचं, बस्स. एक घासलं की हात थांबत नाहीत. थांबले तर थांबू देते, एक तरी झालं.

पण खरी अडचण होती ती कोळणीची पाटी. दर बुधवारी आणि शुक्रवारी. अलार्म, ओढणी, कार्ड, सगळं पार करून मी खाली पोचायची आणि समोर हलवा नाहीतर बोंबील. एका शुक्रवारी बस येऊन उभी, ताई हाका मारतायत, आणि मी बोंबलांचे भाव करतेय. पोचले शेवटच्या क्षणी. त्या दिवशी मी कोळणीला सगळं सांगितलं. फॉर्मचंही.

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “म्हणजे त्या दिवशी तुझी पोर होती काय त्या बशीत? मी बगितली बस. मला वाटला, दुसऱ्या कोनाची.” मग थोडा विचार करून म्हणाली, “आता आयक बाय. पोर हातात दिसल्याबिगर तुला मासली नाय. रडलीस तरी नाय.”

आणि तिनं पाळलं. मी लांबून मान वाकडी करून बघायला लागले की ती पाटीवर ओला कपडाच टाकायची. “पोर कुटं? पोर दाखव!” येणारीजाणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे संशयानं बघायची. मला भयंकर राग यायचा, पाय एका जागी ठरायचे नाहीत, मी फाटकाच्या गजांवर बोटं वाजवत बस येईपर्यंत तिला शिव्या मोजायची. पण बस चुकली नाही. एकदाही नाही.

असे एकोणतीस दिवस गेले. तिसावा उजाडला. मुलगी घरून काम करत होती, आतल्या खोलीत मीटिंग चालू. मी सकाळपासून अस्वस्थ. आज रात्रीच्या जेवणाला निकाल. फ्रिज उघडायला जावं तर तो फॉर्म. पाणी प्यायला चार वेळा उठले आणि चारही वेळा पाणी न पिता परत आले.

साडेबाराला अलार्म वाजला: “आजीऽऽ, हातातलं खाली ठेव!” मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. गॅस बंद केला. ओढणी घेतली, कार्ड गुडघ्यावर आपटलं. “आजी, चप्पल उलटी घातलीस,” कुणीतरी म्हणालं, मी सरळ घातली. लिफ्टमध्ये कुणीतरी माझा हात धरला, मी धरू दिला. फाटकाशी येऊन उभी राहिले, बारा चौतीस. पाटीकडे बघितलंसुद्धा नाही. मान ताठ, नजर रस्त्याच्या वळणावर. स्वतःवर इतकी खूश मी बोर्डावरही कधी झाले नव्हते.

पावणेएक झाले. बस नाही. बारा पन्नास. बस आधीच येऊन गेली की काय? आजच्या दिवशी? मी हातातला तो लहान हात घट्ट आवळला आणि कोळणीला ओरडून विचारलं, “अगं, बस गेली का?”

कोळणीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग खाली.

“बाय,” ती म्हणाली, “कोनाची वाट बगतेस? पोर तर तुज्या हातान हाय.”

मी खाली बघितलं. घरातला फ्रॉक, गालाला खडूचा निळा रंग. शाळेला सुट्टी होती. ही पोर सकाळपासून टेबलाखाली चित्र काढत बसली होती, मीच तिला दोनदा दूध दिलं होतं. आणि तिलाच घ्यायला मी तिला हाताला धरून खाली आले होते.

“तू बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, आपण खेळतोय,” ती म्हणाली.

कोळीण पाटीवर हात मारून मारून हसत होती. मलाही हसू येत होतं, पण वर फ्रिजवर तो फॉर्म होता. लिफ्टमध्ये मी नातीला तळलेल्या सुरमईची लाच देऊ केली. “आईला सांगायचं नाही हं.”

“सांगणार.”

“दोन तुकडे.”

“सांगणारच.”

दार उघडताच तिनं सांगितलं, मोठ्यानं, अभिनयासकट. मुलगी मीटिंग संपवून बाहेर आली होती. ऐकता ऐकता ती ओट्याला टेकली, मग खाली बसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी उभीच. ओढणीची गाठ सोडवत, पुन्हा बांधत. शेवटी मला राहवेना. मी फ्रिजपाशी गेले आणि त्या फॉर्मला हात घातला. म्हटलं, “काय ते आत्ताच सांग. रात्रीपर्यंत मला दम निघणार नाही. भरतेस की फाडू?”

तिनं डोळे पुसले, माझ्या हातातून कागद घेतला, परत फ्रिजवर ठेवला, वर चुंबक दाबला आणि म्हणाली, “फाडू नकोस, आई. भरायचा नाहीये, पण तिथेच राहू दे. तो दिसला की तू वेळेवर निघतेस.”