भाऊजी आणि पडणारी नाटकं

मराठी रंगभूमीवरची निम्म्याहून अधिक नाटकं माझ्या भाऊजींनी पडदा वर जाण्याआधीच पाडलेली आहेत. मुंबईत एखादं नाटक पडायचं म्हणजे केवढा खटाटोप! आधी ते लिहावं लागतं, बसवावं लागतं, मग प्रेक्षकांनी येऊन तोंड वाकडं करावं लागतं. भाऊजींना यातलं काही लागत नसे. वर्तमानपत्रातली 'लवकरच येत आहे' एवढी जाहिरात दिसली, की जळगावात आपल्या चष्म्याच्या दुकानात बसल्या बसल्या ते निकाल देऊन मोकळे होत, "पडणार!" तो शब्द ते असा काही उच्चारत, की समोरच्याला नाटकाऐवजी आपणच पडतोय असं वाटून तो खुर्चीचा हात घट्ट धरी.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मी तेव्हा धुळ्याला एका शाळेत शिकवत होतो, एकटाच होतो, आणि शनिवारची शाळा सुटली की एरंडोलमार्गे येणारी एस.टी. धरून अक्काकडे जेवायला येत होतो. पण आधी दुकानात हजेरी लावावी लागे. मुंबईचा पेपर तिथे दुपारच्या गाडीने येई, आणि त्यातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान भाऊजी कात्रीने कापून पुठ्ठ्याला चिकटवून ठेवत. चष्मेवाल्यांकडे बारीक अक्षरांचा तयार तक्ता असतो. यांच्याकडे हा पुठ्ठा. एकदा जामनेरकडचे एक आबा नवा चष्मा लावून बसले होते. भाऊजींनी पुठ्ठा त्यांच्या नाकासमोर धरला. आबांनी एकेक अक्षर लावत वाचलं, "तु-फान वि-नो-दी कौटुं-बिक नाटक."

"छान. आता सांगा, चालेल का?"

"चालीन ना भाऊ. दांडी तेवढी कानामागे टोचते."

"दांडीचं नाही हो, नाटकाचं विचारतोय मी!"

आबांनी घाबरून तो चष्मा तसाच नेला. दांडी टोचत होती ती टोचतच राहिली असणार. "तुफान असं स्वतःच छापतात, म्हणजे साधी झुळूकही नाही," भाऊजी मला म्हणाले आणि ते नाटक त्यांनी निकालात काढलं. पुढे वर्षभराने ते नाटक दौऱ्यावर जळगावला आलं, तेव्हा त्याचे मुंबईत एवढे प्रयोग झाले होते की जाहिरातीत आकडा मावत नव्हता. भाऊजी पहिल्या रांगेत जाऊन बसले. सगळं थिएटर हसून लोळत होतं आणि मधोमध हे हाताची घडी घालून, परीक्षेला पर्यवेक्षक बसावेत तसे. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत दात घासता घासता त्यांना एकाएकी हसू फुटलं. तोंडातली पावडर समोरच्या भिंतीवर उडाली. अक्का धावत आली, तर हे डोळे पुसत सांगताहेत, "अगं, तो दुसऱ्या अंकातला जावई... बेस होता गं!" मात्र दुकानात त्यांनी ही कबुली दिली नाही. तिथे ते म्हणाले, "चाललं ते मान्य. पण चालायला नको होतं."

दुकानातल्या बाकावर संध्याकाळी दोघे जण ठरलेले असत. एक नाना, पारोळ्याकडचे, निवृत्त तलाठी. शहरात राहून त्यांची अहिराणी काही सुटली नव्हती. नाटकाला गोष्ट हवी, एवढाच त्यांचा आग्रह. दुसरे रशीदभाई. त्यांचा लाउडस्पीकरचा धंदा होता, आणि दौऱ्यावर येणाऱ्या प्रत्येक नाटकाला माइक त्यांचेच असल्यामुळे त्यांनी सगळी नाटकं विंगेतून, म्हणजे एका बाजूने पाहिलेली. त्या सुमारास एक नवी लाट आली होती. जुन्या संगीत नाटकांतली गाजलेली पदं निवडायची, ती ओवता येतील अशी एक नवी गोष्ट रचायची, आणि 'नवं संगीत नाटक' म्हणून जाहिरात करायची. पुठ्ठ्यावर अशी दोन-तीन नाटकं एकदम झळकली, आणि दुकानात कित्येक आठवडे दुसरा विषय निघाला नाही.

"पब्लिकला गाणं पाहिजे भाऊ," रशीदभाई म्हणायचे. "ओळखीचं गाणं सुरू झालं, की मी विंगेतून बघतो ना, माणसं मागे टेकून बसतात. मग गोष्ट कशीपण असो."

"गानं चांगलं शे, बठ्ठं चांगलं शे," नाना मान हलवत. "पन गोष्ट कोठे शे? बाप मरी ग्या म्हनून पोरगी गास, का गावानं म्हनून बाप मारी टाका?" म्हणजे बाप मेला म्हणून मुलगी गाते, की तिला गायचंय म्हणून बापाला मारलंय, असा त्यांचा सवाल.

भाऊजी दोघांचं ऐकून घेत, हातातली काच फडक्याने पुसत, आणि मग बोलत. "जुन्या चष्म्याची काच नव्या फ्रेममध्ये बसवायला लोक माझ्याकडे आणतात. मी बसवून देतो. बसते. पण कडेला फट राहते, आणि गिऱ्हाईक महिनाभरात परत येतं. पडणार!"

अशा वादांत कुणाचं काही जात नव्हतं. मुंबईची नाटकं मुंबईत पडत किंवा चालत, आणि आमचा चहा जळगावात थंड होई. पण एका शनिवारी मी दुकानात शिरलो तर एक तरुण प्राध्यापक तिथे बसले होते. गावातल्या हौशी मंडळींना घेऊन ते स्वतःच असं नाटक बसवत होते. हौशी नाटकांच्या स्पर्धेची आमच्या भागातली फेरी धुळ्याला व्हायची होती. त्यांनी हुरूपाने गोष्ट सांगितली. एक गायिका, तिचं गाणं सुटतं, उतारवयात ते परत येतं, आणि मधे बारा जुनी पदं. "तुमचं मत हवं होतं," ते भाऊजींना म्हणाले.

घरच्या अंगणात चालून आलेलं नाटक! भाऊजी उभेच राहिले. "मत कशाला, निकालच सांगतो. पडणार. दुसऱ्या अंकात लोक खुर्चीखाली चपला शोधायला लागतील. आणि हे नाटक चाललं, तर मी वर्षभर नाटकावर अवाक्षर बोलणार नाही. नाना, रशीदभाई, तुम्ही साक्षीला."

प्राध्यापक हसले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. जाताना दारात थबकून ते काहीतरी बोलू पाहत होते, पण बोलले नाहीत. ते काय होतं ते त्या रात्री जेवताना कळलं. भाऊजी रंगात येऊन सगळा प्रसंग अक्काला ऐकवत होते. अक्काने त्यांच्या पानात भरीत वाढलं आणि शांतपणे म्हणाली, "ती उतारवयातली गायिका मी करतेय."

भाऊजींनी हातातला घास पानात ठेवला.

आमच्या भुसावळच्या घरी अक्का लग्नाआधी गाणं शिकायची. गुरुजी म्हणायचे, या मुलीच्या आवाजाला हात लावू नका, तो आपण होऊन वाढेल. मग लग्न झालं, सासूबाईंचं दुखणं झालं, मुलं झाली. गाणं राहिलं ते मंगळागौरीपुरतं आणि लग्नातल्या मंगलाष्टकांपुरतं. प्राध्यापकांनी तिला कुठल्याशा लग्नातच ऐकलं होतं. तालमी एका शाळेत दुपारच्या होत्या, भाऊजी दुकानात असताना.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही निकाल दिला असता," अक्का म्हणाली. "मला आधी गाऊन बघायचं होतं."

भाऊजी उठून हात धुवायला गेले. आल्यावर म्हणाले, "नाटक पडणारच. ते मी मागे घेणार नाही. पण तू गा."

"पडणाऱ्या नाटकात गाऊन काय करू?"

"नाटक पडतं. गाणं कधी पडल्याचं मी ऐकलेलं नाही."

त्यांनी आपल्या परीने ही समजूत घातली होती, पण अक्काला ती कशी लागली कोण जाणे. त्यानंतर दोघं त्या विषयावर बोललीच नाहीत. भाऊजी मात्र दुपारी दुकान अर्धवट टाकून तालमीच्या शाळेबाहेरच्या लिंबाखाली उभे राहू लागले. कुणी हटकलं तर म्हणत, "इथे एक गिऱ्हाईक यायचं आहे."

धुळ्याला प्राध्यापकांच्या मंडळींच्या वाट्याला दुपारचा प्रयोग आला. बाहेर रणरणतं ऊन, आत पंखे आवाज करताहेत. भाऊजींशेजारी मी होतो, पलीकडे नाना आणि रशीदभाई. पहिला अंक कसाबसा पार पडला. गोष्ट खरोखरच तकलादू होती. दर चार वाक्यांनी कुणीतरी म्हणे, "आठवतं, तेव्हा तू काय गायचीस?" आणि पेटी सुरू. नानांनी माझ्या कानात हळूच विचारलं, "हाऊ मानूस तिना भाऊ शे का नवरा?" मला सांगता आलं नाही. दुसरा अंक सुरू झाला, अक्का अजून यायची होती, आणि मागच्या रांगांतून खुर्च्या वाजू लागल्या. अंधारात माणसं वाकून पायांनी चाचपडत होती. चपला! भाऊजींचं भाकीत इतकं तंतोतंत खरं ठरताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. विजयी मुद्रा बघावी म्हणून शेजारी वळलो, तर खुर्ची रिकामी.

ते मागच्या दाराशी होते. मी उठून गेलो, तर हा जळगावचा कर्दनकाळ बाहेर निघालेल्या लोकांपुढे हात जोडून उभा. "बसा हो, जरा बसा. आत्ताच तर गाणं आहे." एक गृहस्थ बाजूने निसटू लागले, तर यांनी त्यांचा दंड धरला. "अहो, ऊन बघा बाहेर केवढं! चष्मा लावता ना तुम्ही? जळगावला या, डोळे फुकट तपासून देतो. पण एवढं गाणं ऐका." काही जण त्यांना चुकवून गेलेच. काही जण मात्र, गाण्यासाठी की फुकट तपासणीसाठी देव जाणे, माघारी फिरले.

आणि अक्का आली. तिने पहिला सूर लावला तो थोडा कापला, दुसरा कापला नाही. मी तिला भावाच्या कानांनी ऐकत होतो, माझं सोडून द्या. पण रशीदभाई सांगत होते तसं झालं. माणसं एकेक करून मागे टेकली. नानांनी गोष्टीची चौकशी थांबवली. गाणं संपल्यावर टाळ्या उशिरा आल्या, आणि आल्या त्या थांबेनात. भाऊजी टाळ्या वाजवत नव्हते. दार पाठीने दाबून धरून ते तसेच उभे होते.

नाटकाला कुठलाच नंबर मिळाला नाही. परीक्षकांनी संहिता विस्कळीत असल्याचं सांगितलं, अक्काला गायनाचं एक उत्तेजनार्थ मिळालं. पुढच्या शनिवारी दुकानात नानांनी उदार मनाने भाऊजींचा हात हातात घेतला. "भाऊ, तुम्हीन जिंकनात. नाटक पडनं."

"कोण म्हणतं पडलं?" भाऊजी कडाडले. "चाललं! मी हरलो. ठरल्याप्रमाणे आजपासून वर्षभर बंद."

आम्ही परोपरीने समजावलं. रशीदभाईंनी रिकाम्या रांगांची आठवण करून दिली, नानांनी परीक्षकांचा दाखला दिला. नाटक पडलं हे भाऊजींच्या तोंडून वदवण्यासाठी आम्ही तिघे भांडत होतो, आणि उभ्या आयुष्यात ज्यांनी एक नाटक चालू दिलं नाही ते हे एकटे ते चालवत बसले होते. त्यांनी आपला पण पाळला. पुठ्ठ्यावर नवीनवी नाटकं येत राहिली, गिऱ्हाइकं वाचत राहिली, आणि भाऊजी फक्त म्हणत, "पुढची ओळ." तेवढ्यात एक दिवस शिरपूरहून एक गृहस्थ बायको, दोन भाऊ आणि सासऱ्यांना घेऊन एस.टी.ने उतरले आणि म्हणाले, "धुळ्याला दारात तुम्ही कबूल केलं होतं." भाऊजींनी सगळ्यांचे डोळे तपासले, वर चहा पाजला.

वर्ष संपलं, पण भाऊजींचा तो जुना आवाज काही परत आला नाही. नाटकावर ते पुन्हा बोलू लागले, पण जरा थांबून, आणि "बघू या, बसवणाऱ्यांनी कष्ट तर घेतले असतील," असं काहीतरी. नाना वैतागत. पुढे घरोघरी टीव्ही आले, दौरे कमी झाले, रशीदभाईंच्या मुलाने कॅसेटचं दुकान टाकलं. बाकावर माणसं येईनाशी झाली.

अक्काकडे मात्र माणसं येऊ लागली. आळीतल्या मुली दुपारी गाणं शिकायला यायच्या. मागे एकदा असाच गेलो होतो. भाऊजी आतल्या खोलीत झोपले होते. मुली यायच्या होत्या. तंबोरा लावता लावता अक्काला मी सहज विचारलं, त्या दिवशी लोक उठून चालले होते ते तुला कळलं होतं का?

"स्टेजवरून काही दिसत नाही रे," ती म्हणाली. "डोळ्यांवर दिवे. समोर नुसता काळोख." तिने एक तार छेडली, कान देऊन ऐकली. "पण मागचं दार सारखं उघडत होतं. उघडलं की बाहेरचं ऊन आत यायचं. आणि त्या उजेडात कुणीतरी हात जोडून उभं दिसायचं. माझं पहिल्यांदा सुरावरचं लक्षच उडालं. मग म्हटलं, एवढ्यासाठी तरी नीट गायलं पाहिजे."

"भाऊजींना बोलली नाहीस कधी?"

तिने आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "नको. त्यांना वाटतं, मला भरलेलं थिएटर दिसलं."