कंसातली दोन अक्षरं

भुताखेतांच्या बातम्या मी आयुष्यभर कापत आले. तीस वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर काढली; 'असं म्हणतात' एवढ्या आधारावर एक ओळही पुढे सोडली नाही. त्यामुळे इथे लिहिते ते फक्त स्वतः पाहिलेलं.

चाळीसेक वर्षांपूर्वी बडोद्यात आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत निघाला. संपादक वसंतकाका – माझ्या वडिलांचे सावत्र भाऊ. त्यात आजोबांच्या नावाखाली एक ओळ आहे : 'प्रथम पत्नी यमुना (नि.सं.)'. नि.सं. म्हणजे निःसंतान.

ही यमुना माझ्या वडिलांची, अण्णांची आई. आजोबांचा मार सोसवेना तेव्हा ती घर सोडून गेली. दोन वर्षांच्या अण्णांना सासरच्यांनी तिच्याबरोबर जाऊ दिलं नाही. पुस्तकात काकांनी अण्णांना सरळ स्वतःच्या आईच्या, म्हणजे आजोबांच्या दुसऱ्या बायकोच्या नावाखाली घातलं.

यंदा दुसरी आवृत्ती निघायची होती. अण्णा शहाऐंशी वर्षांचे आहेत. मला म्हणाले, "माझ्या आईला मूल होतं, एवढं छापून आण. बाकी काही नको."

मी पुरावा शोधायला लागले. जुन्या नोंदींच्या वेबसाइटवर आमचं आडनाव गुजरातीत निरनिराळ्या तऱ्हांनी टाइप केलं. चौथ्या खेपेला एका जन्मनोंद वहीचा क्रमांक मिळाला. तो घेऊन दफ्तरखान्यात गेले. दुपारपर्यंत वह्या उलटल्यावर तिथल्या कारकुनानं एक वही माझ्यापुढे सरकवली. "लो बेन, मळी गया तमारा पप्पा." अण्णांचं नाव, आजोबांचं नाव आणि आईच्या रकान्यात – यमुना.

त्या पानाची नक्कल आणि जुन्या कुलवृत्तांतातल्या पानाची झेरॉक्स घेऊन अण्णांसह काकांकडे गेले. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"जवा दे ना, सोड आता. घर सोडून गेलेल्या बाईला वंशावळीत मुलं नसतात."

"अण्णा समोर बसलेत, काका."

"बसू देत की. प्रुफं तूच बघ. तुझ्याइतकं बारीक कोण बघणार?"

मी प्रुफं तीनदा वाचली. यमुनाच्या नावापुढे नि.सं. तसंच होतं. शेवटच्या पानावर सही करताना मनात एक वाक्य आलं... 'तुमच्याच नावापुढे बसो हे.' लपवणं बरोबर नाही म्हणून लिहिते.

प्रकाशन सयाजीगंजातल्या एका हॉलमध्ये, रविवारी सकाळी अकराला झालं. काकांच्या धाकट्या सूनबाई गुजराती माध्यमात शिकलेल्या, पण हौशी. माइकवर सासऱ्यांची नोंद वाचू लागल्या आणि मध्येच अडल्या.

"पप्पाजी, हे नि.सं. एटले काय?"

मागून कोणीतरी ओरडलं, "निवृत्त संपादक!" हॉल हसला. काकाही हसले. मग त्यांनी पुस्तक हातात घेतलं.

'वसंतराव (नि.सं.)'. खाली दोन मुलगे, तीन नातवंडं, सगळी नावं जागच्या जागी. काकांनी ती अक्षरं अंगठ्यानं पुसून पाहिली. थोरल्या सूनबाई हळूच म्हणाल्या, "मग आमचे हे काय बाजारातून आले?"

"तू मुद्दाम केलंस," काका मला म्हणाले.

मी सही केलेलं प्रूफ पर्समधून काढून दिलं. त्यात ते नव्हतं. छापखानेवाल्यानं लॅपटॉपवर फाइल उघडली. "बेन, फाइलमां तो नथी." प्रती तीनशे होत्या. टेबलावरच्या जेवढ्या उघडल्या, तेवढ्यांत ते होतं. आणि त्याच पुस्तकात यमुनाच्या नावापुढे नुसते कंस. रिकामे.

मला वेगळंच दिसलं. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांवर, म्हणजे सुट्या अक्षरांच्या ठशांवर जुळवलेली. तिच्यात यमुनाच्या नावापुढच्या 'नि'ची वेलांटी वरून तुटलेली आहे आणि 'सं'चा अनुस्वार उजवीकडे घसरलेला. नवी आवृत्ती कॉम्प्युटरवरची; तिथे खिळाच नसतो, तर तुटणार काय? तरीही काकांच्या नावापुढे तीच तुटकी वेलांटी होती, तोच घसरलेला अनुस्वार.

वासण्याला घरी आले आणि जुनी प्रत काढली. 'प्रथम पत्नी यमुना ( )'. त्या पानावर खाडाखोड नाही, कागद खरवडलेला नाही. महिन्यापूर्वीच्या माझ्या झेरॉक्समध्ये मात्र नि.सं. स्वच्छ वाचता येतं.

अण्णांनी त्या रिकाम्या कंसावरून बोट फिरवलं. "काढून घेतलं आईनं," म्हणाले. थोड्या वेळानं, "आणि दिलं त्याला."

चौथ्या दिवशी काका घरी आले. चहा घेतला नाही.

"शुद्धिपत्र काढ, बाई. यमुनाबाईंचंही घाल. पण माझं आधी."

"चुका ज्या क्रमानं झाल्या त्याच क्रमानं दुरुस्त होतात, काका."

ते अण्णांकडे बघत राहिले. शेवटी काकांनी होकारार्थी मान हलवली. आता प्रत्येक प्रतीत दोन ओळींची चिठ्ठी चिकटवलेली आहे. पहिली ओळ यमुनाची : मुलगा एक. अण्णांनी ती तेवढी मोठ्यानं वाचायला लावली. दोनदा.

छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या एका जुन्या जुळाऱ्याला मी दोन्ही पानं दाखवली. तो एवढंच म्हणाला, "ताई, खिळा एका वेळी एकाच जागी बसतो." हे स्पष्टीकरण नाही, मला कळतं. दुसरं माझ्याकडे नाही.

काकांचा अधूनमधून फोन येतो. "जुन्या पुस्तकात ते परत आलं का गं?" मी फोन बाजूला ठेवते, पुस्तक उघडते, खिडकीशी नेऊन नीट बघते. कंस रिकामाच असतो.

"नाही, काका."

ते परत येऊ नये, असं मला वाटतं. तेही इथे नोंदवून ठेवते.