अडलं तर फोन कर

नोएडातल्या आमच्या स्टार्टअपमध्ये आम्ही दोघंच मराठी, मी आणि माझा एक मित्र. कुठलाही प्रोग्राम लिहून झाला की तो कुठे बिघडेल, बिघडला तर काय करायचं, हे मित्र पानंच्या पानं लिहून ठेवायचा. खाली ठरलेली ओळ: अडलं तर फोन कर. मी हसलो की म्हणायचा, "यार, मी नसलो तरी कुणाचं अडायला नको."

माणसं कमी करायची ठरली तेव्हा फाउंडरने मला केबिनमध्ये बोलावलं. "किसके बिना काम रुकेगा?" मी प्रामाणिकपणे चार नावं सांगितली. त्याचं नाव त्यांत नव्हतं.

शेवटच्या दिवशीही तो माझ्यासाठी टिपण लिहीत बसला होता.

वर्ष झालं. अजून एकदाही अडलेलं नाही. फोन करायला मला निमित्तच मिळत नाही.