नेफ्यातला नाडा

धागा लोंबताना दिसला की मावशीचा हात थांबत नसे. बसमध्ये परक्या माणसाच्या बाहीचा दोराही तिनं न विचारता कातरलाय. चाळीस वर्षं टेबलाला पोट टेकून कापड बेतलं, पण शिवण आपल्या चुकीनं उसवली असं तिनं कधी कबूल केलं नाही. दर वेळी गिऱ्हाईकच जाड झालेलं असायचं.

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न, "पोटावर पिशवी लावणार? मग टेबलाला काय टेकू, कपाळ?"

डॉक्टरीणबाई हसल्या. खराब तुकडा काढून आतडं जोडायचं. जोड गळला तर जिवावर बेततं, म्हणून पुष्कळदा वरचं आतडं काही महिने पोटाबाहेर काढून पिशवी लावतात. "तुमचा जोड चांगला बसला, तर त्या आतड्याभोवती नुसती एक पट्टी घालू आणि तिची टोकं पोटावर बांधून ठेवू. जोड गळलाच, तर पट्टीला धरून आतडं बाहेर ओढता येईल. नाही गळला, तर पट्टी काढून टाकू."

"म्हणजे नेफ्यातला नाडा! टोक आत गेलं की बोंबला."

"अगदी. तेव्हा हात लावायचा नाही."

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी दुपारी मी खोलीत शिरले. ड्रेसिंग एका बाजूनं सुटलं होतं. मावशीच्या हातात चष्म्याच्या डबीतली तिची बारकी कात्री, आणि तोंड पांढरंफटक.

"अगं, लोंबत होतं..."

पट्टीचं एक टोक तिनं गाठीला लागून कातरलं होतं. गाठ सैल पडत चालली होती. मी तिचा हात धरला, तर तो चटका बसावा इतका गरम.

"मावशी, ताप आहे तुला!"

"सकाळपासून हुडहुडी भरतेय. बोलू नकोस कुणाला. मीच मारते गाठ, बघ."

ताप म्हणजे जोड गळल्याची शंका, हे तिलाही सांगितलेलं होतं. ती गाठीकडे बघत राहिली. मग तिनंच घंटी दाबली.

"सिस्टर, चूक झाली माझी."

सिस्टरनं आधी चिमट्यात गाठ पकडली. डॉक्टरीणबाई धावत आल्या. "ही आत गेली असती आणि जोड गळलेला निघाला असता, तर सगळं पोट पुन्हा उघडावं लागलं असतं मला!"

मावशीला स्कॅनला नेलं. दोन तास मी बाहेर बसून ती डबी उघडत-मिटत होते.

जोड शाबूत निघाला. ताप आला होता तो हातावरच्या सलाईनची शीर सुजून. तरी पट्टी आणखी सहा दिवस ठेवायची ठरली. गाठ पक्की केली. मावशी त्या सहा दिवसांत एकही विनोद करेना.

दहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सिस्टरकडे हात केला, "कात्री."

मावशीनं कुणी न सांगताच दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.